पाककृतींच्या पुस्तिकेत कोणत्या भागाचा शब्द छापावा?

परगावकर (प्रश्न)

आमच्या मंडळात विदर्भापासून सिंधुदुर्गापर्यंतची कुटुंबे आहेत आणि त्यांनी लिहून दिलेल्या घरगुती पाककृतींची एक पुस्तिका आम्ही काढत आहोत. चुरमुरे, कुरमुरे, मुरमुरे अशा शब्दांनी कोणाचेही अडत नाही. कंसात दुसरे नाव दिले की भागते. पंचाईत होते ती एकच शब्द दोन भागांत दोन निराळ्या जिन्नसांसाठी वापरला जातो तेव्हा. एका कृतीत ‘मूठभर सांबार बारीक चिरून घ्यावा’ असे आहे, तर दुसरीत ‘वड्यांबरोबर सांबारा वाढावा’ असे आहे. असे आणखी कोणते शब्द आपल्या भागात आहेत आणि ते मूळ रूपात ठेवावेत की बदलावेत, हे कृपया सांगावे.

वऱ्हाडवाट

चिरायचा सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरकडची सांबारवडी ही कोथिंबिरीचे सारण भरून तळलेली वडी असते. इडलीच्या सांबाराशी तिचे काहीही नाते नाही. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात, पण मुंबईत आणि कोकणात जाम म्हणजे घंटेच्या आकाराचे, पाणीदार, जवळजवळ बेचव असे वेगळेच फळ, त्यामुळे ‘जामाची भाजी’ वाचून तिकडचा माणूस चक्रावेल. कोहळे आम्ही लाल भोपळ्याला म्हणतो, तर पुण्याकडे कोहळा म्हणजे ज्याचा पेठा करतात तो. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीलाही आमच्याकडे उसळ म्हणतात, आणि हे कळल्यावर पुणेकरांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते पाहण्यासारखे असतात.

आलू (बटाटा), बरबटी (चवळी), फल्लीदाणे (शेंगदाणे) हे शब्द ऐकून ‘तुमची मराठी हिंदाळलेली आहे’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की 1956 पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होती. शिवाय ज्या ‘बटाटा’ शब्दाचा अभिमान मिरवला जातो, तोही पोर्तुगिजांकडूनच आलेला आहे.

पंचगंगाकाठ

आमच्या बाजूचा सर्वांत धोक्याचा शब्द ‘चटणी’ हा आहे. कोल्हापूर-सांगलीकडे स्वयंपाकात ‘चटणी घाल’ असे म्हटले की लाल मिरची, कांदा, लसूण, सुके खोबरे आणि खडा मसाला एकत्र कुटून उन्हाळ्यात वर्षभरासाठी भरून ठेवलेले तिखट अभिप्रेत असते. कृतीत ‘दोन चमचे चटणी’ असे छापले, तर मुंबईची गृहिणी रश्श्यात खोबऱ्याची हिरवी चटणी घालेल, आणि कोणी नुसती मिरचीपूड तेवढीच घातली तर कांदा-लसणाचा स्वाद हरवून केवळ जाळ उरेल. म्हणून येथे ‘कांदा-लसूण मसाला’ असेच लिहावे. रोजची ती चपाती आणि सणाची ती पोळी, हा आमचा भेद पुण्यात चालत नाही, पण त्यावर शेकडो वाद झाले असल्याने मी थांबतो.

तळकोकण

दुसऱ्या कृतीतला सांबारा आमचा मालवणी आहे. काळे वाटाणे भिजवून शिजवायचे आणि कांदा-खोबरे चांगले तांबूस भाजून केलेले वाटण व मालवणी मसाला घालून दाटसर रस्सा करायचा, तो वड्यांबरोबर किंवा आंबोळीबरोबर खातात. कोथिंबीर त्यात पडली तर वरून, चिमूटभर. हे नाव मात्र बदलू नये. ‘काळ्या वाटाण्याची उसळ’ असे लिहिलेत तर आमची माणसे ती कृती ओळखणार नाहीत. पुण्याकडच्या कोणी डाळिंबी उसळ पाठवली असेल, तर तेथे सोललेले कडवे वाल असा खुलासा अवश्य करावा, कारण डाळिंबाचे दाणे समजणारे लोक मी पाहिले आहेत.

तापीतीर

शब्द बदलावा आणि मूळचाच ठेवावा, या वरील दोन्ही मतांचा मेळ घालता येतो. खानदेशात आणि विदर्भातही बेसन म्हणजे शिजवलेले पिठले, भाकरीबरोबर खायचे. कोरड्या पिठाला आम्ही डाळीचे पीठ म्हणतो. मुंबईच्या दुकानात मात्र पुडीवर बेसन असेच लिहिलेले असते. तेव्हा शीर्षकात ज्याच्या घरची कृती आहे त्याचाच शब्द राहू द्यावा, परंतु साहित्याच्या यादीत, जेथे माप चुकले की पदार्थ बिघडतो, तेथे ‘हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, एक वाटी’ असे निःसंदिग्ध लिहावे.