मेल ‘रखडला’, ‘परत आला’ की ‘नाकारला’?

प्रश्न: लोकल मशीनवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) बसवून चाचणी कशी घ्यायची, याचं टिपण मराठीत लिहितोय. डिफर्ड, बाउन्स्ड आणि रिजेक्टेड या तिन्हींना आमच्याकडे सरसकट ‘मेल परत आला’ म्हणतात. ‘प्रलंबित’, ‘प्रत्यागत’ आणि ‘अस्वीकृत’ चालतील का?

— ‘प्रत्यागत’ वाचून लोक टिपण मिटवतील. रखडला, परत आला, नाकारला. बोलतो तेच लिहा. पण फरक व्याख्येने सांगण्यापेक्षा करून दाखवा. मशीनवर नसलेल्या युजरचा पत्ता घ्या. टेलनेटने (सर्व्हरशी हाताने बोलायची कमांड) पोर्ट २५ला जोडून ‘आरसीपीटी टू’मध्ये, म्हणजे मेल कोणाला ते सांगणाऱ्या ओळीत, तो द्या, तिथल्या तिथे ५५० हा नकाराचा कोड येतो. हा ‘नाकारला’. सर्व्हरने मेल हातात घेतलाच नाही. आता त्याच पत्त्यावर सेंडमेल कमांडने पाठवा. कमांड मुकाट संपते, मेल आधी रांगेत जातो, आणि थोड्या वेळाने तुमच्याच मेलबॉक्समध्ये मेलर-डीमनचं, म्हणजे सर्व्हरनेच पाठवलेलं, पत्र येऊन पडतं. हा ‘परत आला’. पत्ता तोच, चूक तीच. फरक एवढाच, की इथे सर्व्हरने आधी मेल स्वीकारला होता, म्हणून कळवणं त्याच्या गळ्यात पडलं.

— भर घालतो. परत येतो तो मूळ मेल नसतोच. सर्व्हरने नवीन लिहिलेली सूचना असते. लिफाफ्यावर तिचा प्रेषक रिकामा ठेवतात, नाहीतर बाउन्सला बाउन्स लागत राहील. त्यामुळे ‘परत आला’ म्हणणंही थोडं सैलच, पण चालवून घ्यावं.

प्रश्न: आणि ‘रखडला’ कसा दाखवू?

— रिलेहोस्टमध्ये, म्हणजे मेल पुढे कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा त्या सेटिंगमध्ये, कोणीच ऐकत नसलेलं पोर्ट द्या, उदाहरणार्थ चौकटी कंसातलं १२७.०.०.१ आणि पुढे २५२६. रिलोड करून बाहेरच्या पत्त्यावर पाठवा. लॉगमध्ये ‘स्टेटस=डिफर्ड’ आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसेल, मेलक्यूमध्ये (रांगेची यादी) मेल बसलेला असेल. पलीकडून ४ने सुरू होणारा कोड आला तरी हेच होतं. पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे पाच दिवस प्रयत्न करतो, मग रखडलेलाही परत येतो. तेवढं थांबायची गरज नाही. पोस्टसुपर कमांडने रांगेतून काढून टाका.

— ‘प्रलंबित’ला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. कोणाच्या तरी मंजुरीची वाट बघतोय असं वाटतं. इथे मंजुरी नाही, नुसता पुन्हा प्रयत्न आहे.

— टिपणातून ‘मेल गेला’ मात्र काढाच. मजकूर संपला हे सांगणाऱ्या शेवटच्या टिंबानंतर ‘२५० ओके, क्यूड’ आला की सगळे हेच म्हणतात. सर्व्हरने फक्त जबाबदारी घेतलेली असते. ‘स्वीकारला’ लिहा. ‘पोचला’ लिहायचं ते लॉगमध्ये ‘स्टेटस=सेंट’ दिसल्यावर, आणि तेही पुढच्या सर्व्हरपर्यंत पोचला एवढ्याच अर्थाने. इनबॉक्समध्ये पडला की स्पॅममध्ये, हे त्या ओळीवरून कळत नाही.

प्रश्न: मग ‘रिले’ला काय लिहू?

— रिलेच.