'नेट झिरो'ला मराठीत काय म्हणावं? आणि वचन, उद्दिष्ट की वायदा?

मांडवीकर :
आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवी हस्तलिखिताचा यंदाचा विषय हवामानबदल. नेस्लेवरचं टिपण माझ्या वाट्याला आलंय. कंपनीने २०१८ हे आधारवर्ष धरलंय. तेव्हाच्या तुलनेत हरितगृह वायूंचं उत्सर्जन २०२५पर्यंत २० टक्के आणि २०३०पर्यंत ५० टक्के कमी करायचं, २०५०पर्यंत 'नेट झिरो' गाठायचं, असं जाहीर केलंय. वर्तमानपत्रं याला 'निव्वळ शून्य' म्हणतात. तेच ठेवू का? आणि या सगळ्याला 'वचनबद्धता' म्हणायचं की 'उद्दिष्ट'?

हिशेबनीस :
ठेवा की. ढोबळ नफा, निव्वळ नफा हे शब्द रुळलेले आहेत. निव्वळ म्हणजे वजावट होऊन उरलेलं. इथेही हवेत सोडलेल्यातून शोषून घेतलेलं वजा केलं की शून्य.

जुना रावपुरा :
खातेवहीत ठीक. पण बोलण्यात 'निव्वळ' म्हणजे दुसरं काहीही न मिसळलेलं. निव्वळ थापा, निव्वळ योगायोग. हस्तलिखित वाचणाऱ्या आजी-आजोबांना 'निव्वळ शून्य उत्सर्जन' म्हणजे उत्सर्जन साफ बंद, असंच वाटणार. खरा अर्थ तर असा, की थोडं सुटत राहील आणि तेवढंच झाडं, माती वगैरे परत ओढून घेतील. शब्द ऐकल्यावर कंपनीने न दिलेलं आश्वासन वाचकाच्या पदरात पडतं. मी 'वजाजाता शून्य' लिहीन.

हिशेबनीस :
'वजाजाता' ऐकून आजी-आजोबा खूश होतील, नातवंडं पान उलटतील.

मांडवीकर :
मग 'नेट झिरो' तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ देतो. उत्सर्जन कुठून होतं यानुसार त्याचे तीन गट करतात, त्या 'स्कोप'चं काय? एका भाषांतरात 'टप्पा १, २, ३' वाचलं.

शेतीशाळा :
टप्पा अजिबात नको! टप्पे एकामागून एक येतात, हे तिन्ही एकाच वेळी चालू असतात. पहिल्यात कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज वगैरे. तिसऱ्यात बाकी सगळं : कच्चा माल, वाहतूक, वेष्टनं, गिऱ्हाइकाच्या घरचा वापरसुद्धा. 'कक्षा' बरा पडेल. नेस्लेचं सुमारे ९५ टक्के उत्सर्जन या तिसऱ्या कक्षेत आहे आणि त्यात दूध-पशुधनाचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे कारखान्याच्या छपरावर सौर पाट्या लावल्याचा फोटो कितीही छान असला, तरी खरा हिशेब गोठ्यात आहे.

आणखी एक. सरसकट 'कार्बन उत्सर्जन' लिहू नका. गाई-म्हशी रवंथ करताना ढेकरांतून मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटीच्या आसपास तापवतो. शेतात टाकलेल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, त्यात तर कार्बनचा अणूच नाही. खाद्यकंपनीबद्दल लिहिताना 'हरितगृह वायू' लांबलचक वाटला तरी तोच बरोबर.

जुना रावपुरा :
आता वचनाकडे. 'वचनबद्धता' म्हटलं की दशरथ आठवतो, प्राण जाय पर वचन न जाय. कंपन्यांचं तसं नसतं. पेप्सिकोने २०२१मध्ये नेट झिरोसाठी २०४० साल सांगितलं होतं, २०२५मध्ये ते २०५० केलं. याला वचनभंग म्हणणं जड होतं आणि 'उद्दिष्टात सुधारणा' म्हणणं फारच गुळगुळीत. आपल्याकडे 'वायदा' हा नेमका शब्द आहे : मुदतीसकट दिलेला शब्द. वायदा पाळतात, चुकवतात, पुढे ढकलतात. इथे बडोद्यात तर गुजराती शेजाऱ्यांच्या 'वायदो'मुळे तो रोज कानावर पडतो.

हिशेबनीस :
वायद्यात देणेकऱ्याबद्दल संशय आधीच मिसळलेला असतो. नेस्लेच्या म्हणण्यानुसार २०२४अखेर त्यांची घट २० टक्क्यांच्या थोडी वर गेली होती. म्हणजे पहिला हप्ता वेळेआधी. तिथे 'वायदा' अन्यायाचा वाटेल. सरळ 'उद्दिष्ट' लिहा.

शेतीशाळा :
ती घटही 'नेट'च आहे, बरं का. माती-झाडांनी शोषलेलं त्यात धरलंय. ते वाक्यात येऊ द्या.

मांडवीकर :
२०२३मध्ये कंपनीने किटकॅट, पेरिए अशा ब्रँडांना 'कार्बन न्यूट्रल' म्हणवण्याचा बेत सोडला आणि त्यासाठी 'ऑफसेट', म्हणजे दुसरीकडच्या उत्सर्जन-घटीचं श्रेय, विकत घेणं थांबवण्याचं ठरवलं. ऑफसेटला 'भरपाई' लिहू?

जुना रावपुरा :
भरपाई नुकसान झालेल्याला मिळते. इथे पैसे तिसऱ्याच ठिकाणच्या जंगलाला किंवा प्रकल्पाला जातात. 'परस्पर वजावट' चालेल. १९३१मध्ये सयाजीरावांनी कारभारासाठी आठ भाषांचा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' करवून घेतला त्या गावात बसून आपण इतकं तरी करू.

मांडवीकर :
ठरलं : नेट झिरो, कक्षा, हरितगृह वायू, परस्पर वजावट. नेस्लेच्या आकड्यांना 'उद्दिष्ट', पेप्सिकोच्या सरकवलेल्या सालाला 'वायदा'.

हिशेबनीस :
एकाच टिपणात दोन कंपन्यांना दोन मापं? संपादक विचारतील.

मांडवीकर :
विचारू देत. २०३०चा आकडा आला की नेस्लेचा शब्दही पुन्हा तपासू.