मुलांची पेस्ट आणि किडलेल्या दाढा

बी-४०३ ईशानची आई: सगळ्यांना गुड मॉर्निंग 🙏 एक विचारायचं होतं. ईशान साडेतीन वर्षांचा आहे. काल दाताच्या डॉक्टरांकडे नेला तर खालच्या दोन दाढा किडल्यात म्हणाले. आम्ही पहिल्यापासून लहान मुलांचीच पेस्ट वापरतो, स्ट्रॉबेरीची, कमी फ्लोराइडवाली. ती जंतू मारतच नाही का मग?

ए-१०२ नाना: आम्ही राखुंडीने दात घासले. वय ७४, २६ दात स्वतःचे.

ए-१०२ माई: २६ कुठले, दिवाळीत एक पडला ना.

डी-२०५: फॉरवर्डेड. ट्यूबच्या खाली हिरवी पट्टी असेल तर आयुर्वेदिक, काळी असेल तर संपूर्ण केमिकल. जनहितार्थ पुढे पाठवा.

सी-७०१ डॉक्टर: ती पट्टी मशीनसाठी असते हो काका. ट्यूब कुठे कापायची ते सेन्सरला कळावं म्हणून. आत काय आहे त्याच्याशी काही संबंध नाही.

बी-४०३ ईशानची आई: डॉक्टरताई बरं झालं तुम्ही आलात. सांगा ना.

सी-७०१ डॉक्टर: आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते. प्रयोगशाळेत बशीत जंतू वाढवून मधे पेस्ट टाकतात आणि भोवती किती जागा साफ झाली ते मोजतात. पण ती साफसफाई पुष्कळदा फ्लोराइडची नसतेच, फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटची असते. मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये ते घालतच नाहीत, तोंड चुरचुरतं म्हणून. त्यामुळे तिथे या पेस्ट फिक्या पडल्या तर नवल नाही. आणि तोंड म्हणजे बशी नव्हे. लाळेने पेस्ट काही मिनिटांत पातळ होते, जंतू दातावरच्या चिकट थरात दडून बसतात. तो थर ब्रशनेच निघतो.

बी-४०३ ईशानची आई: मग फ्लोराइडचा उपयोग काय?

सी-७०१ डॉक्टर: दुरुस्ती. गोड खाल्लं की जंतू त्याचं आम्ल करतात, आम्लाने दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळतं. लाळ ते परत भरत असते. फ्लोराइड हजर असेल तर ही भरणी लवकर होते आणि आधीपेक्षा टणक होते. जंतूंचा आम्लाचा कारखानाही थोडा मंदावतो, पण तो जोडधंदा समजा. आणि या मुख्य कामासाठी १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग) किंवा त्याहून जास्त फ्लोराइडच्या पेस्टचा पुरावा भक्कम आहे, ५०० च्या आसपास तो फार लंगडा पडतो.

बी-११: पण गिळतात ना मुलं! म्हणून तर आम्ही पण कमीवाली आणतो.

सी-७०१ डॉक्टर: हिशोब करा. १००० पीपीएम म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम. वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम, सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम पोटात. आता ५०० वाली जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर पिळली, १ ग्रॅम, की अर्धा मिलिग्रॅम. दुप्पट! तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. पेस्ट तुम्ही लावायची, मुलाच्या हाती ट्यूब द्यायची नाही. थुंकायला लावा, वर चूळ भरायला लावू नका. किती पीपीएम ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, बघा.

बी-४०३ ईशानची आई: बघितलं. ५०० च्या आत आहे 😔 आणि ब्रश तोच करतो, मला हात लावू देत नाही.

सी-७०१ डॉक्टर: रात्री दुधाची बाटली?

बी-४०३ ईशानची आई: ...हो. साखर घालून. त्याशिवाय झोपत नाही.

सी-७०१ डॉक्टर: मग नुसत्या पेस्टला बोल लावू नका. आधी साखर बंद, मग बाटली. दाढा भरून घ्या, दुधाच्या आहेत म्हणून सोडू नका, त्या दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.

ए-६०४: माझं माहेर पांढरकवड्याकडचं. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने पोरांचे दात तपकिरी व्हायचे. तेही फ्लोराइडच ना? म्हणून मला पेस्टचीसुद्धा भीती वाटते.

सी-७०१ डॉक्टर: अगदी बरोबर वहिनी, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत तो त्रास आहेच. पाण्याची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. त्याहून जास्त असलेलं पाणी दिवसभर पोटात जातं, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे काहीच नाही. पाण्यातच जास्त असेल तर मात्र पेस्ट विचारून ठरवायची. उकळून फ्लोराइड जात नाही, आरओने बरंचसं जातं.

ए-६०४: आणि आपल्या बोअरचं?

बी-११: आणि टँकरचं? तपासलंय का कधी?

सी-७०१ डॉक्टर: सेक्रेटरी साहेब?

ए-१०२ नाना: ते वाचून गप्प बसलेत. निळ्या टिका दिसतायत.

सेक्रेटरी: क्षारांची तपासणी झाली होती. फ्लोराइडचं बघून सांगतो.

ए-६०४: बघून नको, रिपोर्टचा फोटो टाका.

सेक्रेटरी: सोमवारी टाकतो. गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? टँकर अडकलाय.