सॅल्मनच्या गरीला उलटा काटा हवा की नको?

गरीवाला
शनिवारी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पुजेट साउंड खाडीत बोटीवर होतो. चांगला सात-आठ पौंडांचा कोहो (सॅल्मनचीच एक जात) लागला. जाळी खाली घालणार तोच पठ्ठ्याने उसळी मारली, तंगूस ढिला पडला आणि गरी सुटली. का? तर इथे सॅल्मनसाठी बिनकाट्याची, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा नसलेली गरी सक्तीची. सकाळी मीच पक्कडीने काटा दाबून सपाट केला होता. पैदास केंद्रातले मासे खाण्यासाठीच सोडतात ना? मग हा छळ कशाला?

उत्तरध्रुव
मासा पाण्यात असताना तो केंद्रातला की रानटी, हे गरीला कसं कळणार? पाठीवर शेपटीअलीकडचा बारका पर कापलेला असला तर तो केंद्रातला, घरी न्यायचा. शाबूत दिसला आणि तो ठेवायची मुभा नसली, तर बोटीत न घेता पाण्यातच सोडायचा. काटेवाली गरी उपटेपर्यंत त्याचे खवले निघतात. आमच्याकडे कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातही समुद्रात सॅल्मनला बिनकाट्याच्या गरीचाच नियम आहे. आणि तंगूस ढिला पडला हा दोष गरीचा नाही हो!

गरीवाला
टोमणा पोचला. पण इथल्याच कोलंबिया नदीवर 2013 पासून असलेली बिनकाट्याची सक्ती वॉशिंग्टन राज्याने 2019 मध्ये उठवलीच की. तिथले रानटी मासे काय जाड कातडीचे? मासा मरतो तो गरी घशात किंवा कल्ल्यात रुतली की. तिथे काटा असला काय, नसला काय.

मालवणी_माहेर
घशाचं खरं आहे. पण ओठात लागलेल्यांचं काय? तेच जास्त असतात. आमच्या आजोबांना बिनकाट्याची गरी दिली असती तर ते हसले असते, पण ते गरवायचे कालवणासाठी, धरलेलं परत सोडायला नाही. आणि एक सांगते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या अंगठ्यात काटेवाली गरी घुसली. दवाखान्यात चार तास बसलो, सुई टोचून बधिर केलं, मग टोक पुढे ढकलून काटा कापला. यंदा तीच गत झाली, पण गरी बिनकाट्याची होती. जशी आत गेली तशी बाहेर आली, वर बँडएड.

गरीवाला
अंगठ्याचा मुद्दा मान्य. कोहोचा नाही.

उत्तरध्रुव
पुढच्या खेपेस गळ मी धरतो, तुम्ही जाळी सांभाळा.