मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला ४ जीबीची रॅम लावली तर २ जीबीच दिसते

मंडळी, आमच्या खते-बियाण्यांच्या दुकानातल्या पीसीबद्दल विचारायचंय. बोर्ड जी४१ चिपसेटचा, प्रोसेसर कोअर टू ड्युओ ई७५००, विंडोज १० (६४ बिट). रॅम डीडीआर३ १०६६, १ जीबीच्या दोन स्टिक. ब्राउझरमध्ये तीन-चार टॅब उघडले की माउसही अडखळत चालतो, म्हणून ऑनलाइन ४ जीबीच्या दोन स्टिक मागवल्या, डीडीआर३ १६००. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत 'दोन स्लॉट, कमाल ८ जीबी' असं स्वच्छ छापलंय.

प्रकार असा आहे: एकच नवी स्टिक लावली तर पीसी चालू होतो, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) २०४८ एमबी. दोन्ही लावल्या की स्क्रीन काळी आणि लांब बीप, थांबून थांबून. जुन्या स्टिक परत लावल्या की सगळं सुरळीत.

खोडरबराने पिना घासून झाल्या, स्लॉट अदलून बदलून झाले, बायोसचा सेल काढून परत लावून झाला. याच दोन्ही स्टिक चुलतभावाच्या एच६१ बोर्डावर लावल्या तर पूर्ण ८ जीबी दिसतात. विक्रेता म्हणतो बोर्ड गेलाय, गावातला दुरुस्तीवाला म्हणतो रॅम डुप्लिकेट आहे. कोणाचं खरं मानू?

नवा पीसी घ्या, असं कृपया सुचवू नका. बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघतात आणि तो प्रिंटर याच बोर्डाच्या पॅरलल पोर्टला जोडलाय. वडिलांना कार्बनची तीन प्रतींची बिलंच लागतात, त्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही.

खटपट्या:
विंडोज ३२ बिट असणार. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होण्याची सेटिंग) मॅक्सिमम मेमरीची खूण कुणी केलीय का तेही बघा.

टाकाऊतूनटिकाऊ:
बायोसमध्येच २०४८ दिसतंय, तिथवर विंडोजचा संबंधच येत नाही. शिवाय ३२ बिट असती तरी तीन-साडेतीन जीबीपर्यंत दिसली असती. मला वाटतं वेगाचा घोळ आहे. बोर्ड १०६६ चा, रॅम १६०० ची.

सोल्डरगन:
वेगाचा नाही. १६०० ची स्टिक गरज पडली तर १०६६ वर उतरून चालते, तिच्यातल्या एसपीडी चिपमध्ये कमी वेगाचे आकडेही असतात.

धागाकर्ते, स्टिकवरच्या स्टिकरवर '१आरएक्स८' लिहिलंय की '२आरएक्स८'? (१आर, २आर म्हणजे चिपांचे गट, म्हणजे रँक, किती; एक्स८ म्हणजे एक चिप एका वेळी आठ बिट देते.) आणि काळ्या चिपा एकाच बाजूला आहेत की दोन्ही?

धागाकर्ता:
'४जीबी १आरएक्स८ पीसी३-१२८००यू'. चिपा एकाच बाजूला, आठ. मागची बाजू नुसती हिरवी, चिपांच्या रिकाम्या जागा तेवढ्या आखलेल्या दिसतात.

सोल्डरगन:
मग विक्रेता आणि दुरुस्तीवाला, दोघांचंही चूक. रॅमही ठणठणीत, बोर्डही ठणठणीत.

४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. ते आठ चिपांत बसवले की एका चिपवर ४ गिगाबिट येतात. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखता येते. ४ गिगाबिटच्या एक्स८ चिपमध्ये ओळीचा पत्ता सांगायला १६ बिट लागतात आणि जी४१ कडे १५च आहेत. एक बिट कमी पडला की जागा बरोबर निम्मी दिसते, म्हणून तुम्हाला २०४८. दोन लावल्यावर तर बायोसचा हिशेबच बसत नाही.

तुमच्या प्रोसेसरच्या, म्हणजे एलजीए७७५ सॉकेटच्या काळात रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसे, बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये (इथे जी४१) असे. त्यामुळे प्रोसेसर बदलून काही होणार नाही, आणि बायोस अपडेटनेही नाही; सोळाव्या बिटाची तार मुळात ओढलेलीच नाही. एच६१ पर्यंत कंट्रोलर प्रोसेसरमध्ये गेला आणि ४ गिगाबिटची चिप चालू लागली, म्हणून चुलतभावाकडे ८ जीबी दिसले. माहितीपुस्तिकेतला 'कमाल ८ जीबी' हा आकडा खराच आहे, फक्त तो १६ चिपांच्या स्टिक धरून लिहिलाय.

तुम्हाला हवी ती '४जीबी २आरएक्स८', दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा. चिपेवरचा नंबर वाचता आला तर अजून खात्री होते: सॅमसंगवर के४बी२जी असेल तर चालेल, के४बी४जी असेल तर नको. हल्ली अशा नव्या स्टिक सहसा मिळत नाहीत. ऑफिसांतून भंगारात निघालेल्या पीसींमधून काढलेल्या बघा. लॅमिंग्टन रोडला कुणी जाणार असेल तर त्याला स्टिकरचा फोटो देऊन पाठवा, नुसतं 'डीडीआर३ चार जीबी' सांगितलंत तर परत हीच हातात पडेल.

टाकाऊतूनटिकाऊ:
हे माहीत नव्हतं. ऑनलाइन १६ चिपांच्या स्वस्त स्टिक दिसतात, खाली 'फक्त एएमडीसाठी' असं असतं. त्या चालतील?

सोल्डरगन:
अजिबात नको. त्यांत एक्स४ (एका वेळी चारच बिट देणाऱ्या) चिपा असतात, इंटेलचे साधे डेस्कटॉप चिपसेट त्या घेत नाहीत. १६ चिपा मोजून समाधान मानू नका, स्टिकर वाचा.

खटपट्या:
रॅमसोबत एसएसडीपण टाका. डिस्कची जोडणी जुनी साटा २ असली तरी हार्डडिस्कपेक्षा कितीतरी बरं.

धागाकर्ता:
चालली! तालुक्याला एकाकडे बँकेच्या जुन्या पीसींमधून काढलेल्या '२आरएक्स८ पीसी३-१०६००यू' मिळाल्या. दुकानात उभं राहून सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये रँक 'ड्युअल' दिसतंय ना ते बघूनच पैसे दिले. बायोसमध्ये ८१९२. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली, एकही एरर नाही. विंडोज मात्र वापरण्याजोगी रॅम थोडी कमी दाखवते, ते ठीक आहे का? नव्या स्टिक चुलतभावाने ठेवून घेतल्या, पैसे देतो म्हणालाय.

सोल्डरगन:
ठीक आहे. ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा काढून घेतं.

कोपरकर:
धाग्याच्या आडून विचारतो, माझ्याकडे जी३१ आहे. त्याला या २आरएक्स८ चालतील का?

सोल्डरगन:
नाही. जी३१ ला डीडीआर२ लागते, तीही सगळी मिळून ४ जीबीच. डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर दाबू नका.