डाइकस्ट्रांचे पोर्ट्रेट: नुसतं सरळ उभं करणं नव्हे

डच छायाचित्रकार रिनेके डाइकस्ट्रांच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोंच्या मालिकेबद्दल 'मुलांना नुसतं सरळ उभं केलंय, त्यात कला कसली' असा आक्षेप घेतला जातो. पोझ साधी आहे हे मान्य, पण त्या तिथवर सहज पोचलेल्या नाहीत. आधी त्या नियतकालिकांसाठी पोर्ट्रेट काढत. 1990 मध्ये सायकल अपघातात खुब्याचं हाड मोडलं, बरं होण्यासाठी पोहणं सुरू झालं, आणि 1991 मध्ये पोहून दमलेल्या अवस्थेत त्यांनी स्वतःचाच फोटो काढला. दमलेल्या माणसाला चेहरा सांभाळायचं भान राहत नाही. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या किनाऱ्यावरच्या फोटोंमधला अवघडलेपणा इथूनच आला, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय 4×5 इंच फिल्मचा मोठा कॅमेरा तिवईवर लावायला वेळ लागतो, तोवर ठरवून आणलेलं हसू टिकत नाही.

आल्मेरिसा नावाच्या मुलीच्या फोटोंच्या मालिकेचा विषय मात्र असा आक्षेप घेणारे काढत नाहीत, आणि माझ्या मते तेच त्यांचं सर्वांत मोठं काम. 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या निर्वासित केंद्रात खुर्चीवर बसलेली बोस्नियाची लहान मुलगी, पाय जमिनीला टेकत नाहीत. डाइकस्ट्रा वर्षानुवर्षं तिच्याकडे जात राहिल्या. फोटो क्रमाने लावून फक्त तिची पावलं बघा, कधी टेकतात ते. 2008 च्या फोटोत तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं बाळ आहे.