मदत हवी आहे: खालच्या टॅबवरच्या बॅजचा आकडा जुळत नाही (अँड्रॉइड, कॉटलिन)

नमस्कार मंडळी,

तीन दिवस एका लाल ठिपक्याने डोकं पिकवलंय.

ॲपच्या खाली बॉटम नॅव्हिगेशन व्ह्यू आहे. त्यात चार टॅब: मुख्यपान, संदेश, सूचना, प्रोफाइल. 'संदेश'वर न वाचलेल्या संदेशांचा आकडा हवाय. बॅज दिसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. गेट-ऑर-क्रिएट-बॅजला मेन्यूतला आयडी दिला, नंबर टाकला, झालं. घोडं पुढे अडलंय.

ॲप समोर उघडं असताना दुसऱ्या फोनवरून तीन संदेश पाठवले, तर आकडा १, २, ३ असा शिस्तीत वाढतो. आता फोन लॉक करून तेच तीन संदेश पाठवतो. वर नोटिफिकेशन तिन्ही येतात. ॲपच्या आयकनवर टिचकी मारून आत जातो, तर टॅबवर बॅजच नाही! यादीत मात्र तीन ओळी ठळक अक्षरात बसलेल्या.

सध्याची रचना अशी: संदेश रूम डेटाबेसमध्ये (फोनवरच्या साठ्यात) आहेत, ॲप उघडलं की सर्व्हरवरून नवे आणून त्यात भरतो. बॅजचा काउंटर मात्र वेगळा, शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये (ॲपच्या छोट्या नोंदींच्या फाइलमध्ये). फायरबेस क्लाउड मेसेजिंगच्या (सर्व्हरचे संदेश फोनवर पोचवणारी गुगलची सेवा) सर्व्हिसमध्ये ऑन-मेसेज-रिसीव्ह्ड (संदेश आला की चालणारं फंक्शन) आलं की तो एकाने वाढवतो आणि ब्रॉडकास्ट (ॲपच्या इतर भागांना हाळी) सोडतो. ॲक्टिव्हिटी (ॲपचा पडदा) ते ऐकून बॅज बदलते. ऑन-रिझ्यूममध्येही (पडदा पुन्हा समोर आला की) प्रेफरन्सेस पुन्हा वाचतो, म्हणजे ब्रॉडकास्ट हुकला तरी तिथे सावरायला हवं. सावरत नाही.

शिवाय टॅब उघडला की मी काउंटर शून्य करतो, तेव्हा बॅज जाण्याऐवजी लाल गोळीत चक्क '०' दिसतो. शून्य संदेश आले म्हणून कोण कोणाला कळवतं?

प्रतिसाद १

बॅज मेन थ्रेडवरूनच बदलताय ना? माझं एकदा तिथेच फसलं होतं.

धागाकर्ता

हो, मेन थ्रेडच. तो संशय पहिल्याच दिवशी फेडून घेतला.

प्रतिसाद २

बॅजला सध्या बाजूला ठेवा. ऑन-मेसेज-रिसीव्ह्डच्या पहिल्या ओळीत लॉग टाका, फोन लॉक करून तीन संदेश पाठवा आणि लॉगमध्ये किती ओळी येतात ते सांगा. आणि सर्व्हर काय पाठवतोय? नोटिफिकेशनचा ब्लॉक की डेटाचा?

धागाकर्ता

ॲप उघडं असताना तीन ओळी. लॉक असताना एकही नाही!! सर्व्हरकडून फक्त नोटिफिकेशनचा ब्लॉक येतोय, शीर्षक आणि मजकूर. पण मग वर नोटिफिकेशन दिसतं कसं?

प्रतिसाद २

तुमचा कोड न चालवताच दिसतं. ॲप मागे गेलेलं असताना नोटिफिकेशन ब्लॉकचा संदेश आला, तर फायरबेसची लायब्ररी तो परस्पर ट्रेमध्ये लावते आणि ऑन-मेसेज-रिसीव्ह्डला हाक मारत नाही. म्हणून तुमचा काउंटर जागचा हलत नाही, आणि ऑन-रिझ्यूममध्ये तुम्ही तोच शिळा आकडा इमानेइतबारे वाचता. फक्त डेटा ब्लॉक पाठवलात तर ॲप मागे असतानाही हाक येईल, पण मग नोटिफिकेशन तुम्हालाच बांधावं लागेल. प्रायॉरिटी हाय ठेवा, नाहीतर फोन डोझमध्ये (बॅटरी वाचवणाऱ्या झोपेत) असताना संदेश ताटकळतो.

तरीही खरं दुखणं काउंटर हेच आहे. वापरणाऱ्याने सेटिंगमधून ॲप फोर्स स्टॉप केलं, तर डेटा ब्लॉकही पोचणार नाही. हाताने वाढवायचा-घटवायचा आकडा कधी ना कधी घसरतोच. संदेश रूममध्ये आहेतच ना? मग 'वाचला' हा स्तंभ जिथे ० आहे तिथल्या ओळी मोजणारी क्वेरी डाओमध्ये (डेटाबेसशी बोलणाऱ्या इंटरफेसमध्ये) लिहा आणि तिच्याकडून फ्लो परत घ्या. तक्ता बदलला की फ्लो नवा आकडा आपोआप देतो. ॲक्टिव्हिटीत तो रिपीट-ऑन-लाइफसायकलमध्ये, स्टार्टेड अवस्थेला बांधून गोळा करा, म्हणजे पडदा दिसत असतानाच आकडा येत राहील. ब्रॉडकास्टला रजा द्या, प्रेफरन्सेसमधला काउंटर पुसून टाका.

'०'चं म्हणाल तर बॅजला शून्य हाही आकडाच वाटतो, तो छापतो. शून्य आलं की रिमूव्ह-बॅज करा. नुसतं क्लिअर-नंबर केलंत तर आकडा जाऊन रिकामा ठिपका उरेल.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत. एक पुरवणी: टॅब उघडल्याबरोबर सगळं 'वाचलं' धरू नका. माणूस चुकून टॅब दाबतो, परत फिरतो, आणि न वाचलेले संदेश बिनबोभाट वाचलेले होतात. ते संभाषण प्रत्यक्ष उघडलं की त्याच्यापुरतंच खूण करा. 'सूचना'च्या टॅबवर मात्र उघडताच ठिपका गेला तरी चालेल, तिथे आकड्याचीही गरज नाही असं माझं मत.

धागाकर्ता

मंडळी, जमलं! सर्व्हरवाल्यांनी डेटा ब्लॉकवर यायला दुपार घेतली, पण गंमत म्हणजे त्याआधीच, फक्त मोजणारी क्वेरी बसवल्यावर, बॅज जुळायला लागला होता. ॲप उघडलं, संदेश रूममध्ये उतरले, आकडा आला. प्रतिसाद ३ यांच्या सांगण्यावरून 'सूचना'वर नंबर न देता नुसता ठिपका ठेवलाय.

आता एकच खुसपट उरलंय. फोनची भाषा मराठी केली की बॅजमध्ये '५' येतो आणि यादीच्या मथळ्यात इंग्रजी आकडा. ते कुठून?

प्रतिसाद २

बॅज आपला आकडा फोनच्या लोकेलनुसार (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगनुसार) मांडतो, म्हणून तिथे देवनागरी. मथळ्यात तुम्ही टू-स्ट्रिंग (आकड्याचं थेट मजकुरात रूपांतर) केलं असणार, त्याला लोकेलशी देणंघेणं नाही. तिथे नंबर-फॉरमॅट वापरा. बॅजला मात्र हात लावू नका, तो बरोबर आहे.

धागाकर्ता

टू-स्ट्रिंगच निघालं. बदललं.